खेमाची मूठ

ज्या वर्षी आमच्या शाळेचे पत्रे उडाले, त्या वर्षी आमची शाळा गोदामाच्या ओट्यावर भरली. वैशाखातलं वादळ होतं. सकाळी जाऊन बघतो तर चार भिंती उभ्या, वर आभाळ, आणि फळ्यावर आदल्या महिन्यात लिहिलेला सुविचार तसाच. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. परभणीहून कोणी येऊन छप्पर बघून जाईल, मग कागद वर जातील, मग खाली येतील, असं ते काम. पोरांना तोवर बसवायचं कुठं?

तांड्याच्या टोकाला, सेनगावच्या रस्त्याला लागून, किसनराव आडत्यांचं गोदाम होतं. पुढं लांबलचक ओटा, वर पत्र्याची सावली. किसनराव म्हणाले, "गुर्जी, एका अंगाला बसवा लेकरं. दुसऱ्या अंगाला माझा माल उतरंल. मधी मात्र कुनी यायचं न्हाई."

मी खडूनं मधे एक जाड रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं पहिली ते चौथी, पलीकडं हमालांची टोळी. रोज सकाळी ती रेघ नव्यानं ओढायचं काम पाळीपाळीनं पोरांकडं असायचं, आणि त्या कामासाठी भांडणं व्हायची.

इतकी वर्षं शिकवलं, चांगल्या इमारतीतही शिकवलं. पण त्या ओट्यावरचे दिवस जास्त आठवतात. गोदामातून बारदानाचा वास यायचा. पोरं पाढे म्हणायची, आणि पाठीवर पोतं घेऊन जाणारा जगन नावाचा तरणा हमाल जाता जाता मोठ्यानं म्हणायचा, "बे पाचे बारा." सगळा वर्ग ओरडायचा, "दहा, जगनकाका, दहा." पुढच्या खेपेला तो पुन्हा काहीतरी चुकीचं म्हणायचा. पाढे माझ्यापेक्षा त्यानंच पक्के करून घेतले, असं मला वाटतं. चूक शोधायला मिळाली की लेकरू जागं होतं.

टोळीचा मुकादम हिरासिंग. पिकलेल्या मिशा, बोलणं कमी. तो ट्रकच्या फाळक्याजवळ उभा राहून पोतं पाठीवर द्यायचा. टोळीत तांड्यावरची माणसं होती तशी पलीकडच्या भीमनगरातलीही होती. त्यात भिवाजी सगळ्यांत जुना. उंच, थोडा वाकलेला, आणि सदा गालात हसू. त्याची पोरगी शीतल माझ्याकडं दुसरीत होती. शाळा सुटायच्या वेळेला तो रेघेपाशी येऊन उभा राहायचा, रेघ न ओलांडता म्हणायचा, "जयभीम गुर्जी. आमचं नग कसं हाये?"

"नग हुशार आहे," मी म्हणायचो.

"मंग आईवर गेलं," म्हणून तो कामाला लागायचा.

संध्याकाळी शेवटचं पोतं आत गेलं की रूपाबाई यायची. तांड्यावरचीच. हातात शिंदीचा झाडू, काखेत सूप, डोक्यावर रिकामी पाटी. गोदामात दिवसभर जे धान्य सांडायचं, त्याला मातेरं म्हणत. ते झाडून, पाखडून, खडे काढून ती घरी न्यायची. मातेरं तिचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी तिथं झाडू लावत नसे, आणि ती यायच्या आधी तर मुळीच नाही.

त्यामागं कारण होतं. रूपाबाईचा नवरा खेमा याच टोळीत हमाल होता. ट्रक आला की पहिलं पोतं खेमा उचलायचा, असा टोळीचा रिवाजच होता. मी या गावात येण्याच्या आधी एका पावसाळ्यात तो तापानं गेला. पुढच्या सुगीला पहिला ट्रक आला तेव्हा पहिलं पोतं कोणी घ्यायचं, यावर सगळे गप्प उभे राहिले म्हणे. मग भिवाजीनं ते घेतलं. गोदामाच्या दारात आला आणि पोतं धरायच्या लोखंडी आकड्यानं त्यानं बारदानाला एक भोक पाडलं. मूठ-दोन मूठ ज्वारी दारात पडली. तो म्हणाला, "ही खेमाची." संध्याकाळी रूपाबाईनं ती झाडून नेली.

तेव्हापासून प्रत्येक ट्रकच्या पहिल्या पोत्यातून दारात खेमाची मूठ पडायची. किसनरावांना ते दिसायचं. ते तेवढ्यापुरते दुसरीकडं बघायचे.

ज्वारीचं होतं तोवर सगळं ठीक चाललं. ज्वारी पायाखाली आली तर भरडली जायची, कोंड्यात मिसळायची, पायाला चिकटायची. पण त्या सालात आमच्या भागात सोयाबीन फार वाढलं. दसऱ्यानंतर गोदामात जिकडंतिकडं पिवळं दिसायला लागलं. नवं पीक म्हणून सगळ्यांनाच कौतुक. फक्त रूपाबाई एकदा सूप खाली ठेवून मला म्हणाली, "गुर्जी, ह्याची भाकर होत न्हाई. इकावंच लागतंय."

टोळी मात्र रिवाज मोडत नव्हती. आता खेमाची मूठ सोयाबीनची पडायला लागली. दारात, शहाबादी फरशीवर, जिथून प्रत्येक माणूस पाठीवर पोतं घेऊन, मान खाली घालून जायचा.

आधी टोळीतला नेमसिंग घसरला आणि पोत्यासकट खाली बसला. सगळे हसले. मग आणखी एकाचा पाय गेला, त्याचं मनगट सुजलं. हिरासिंगला वाटलं, रबरी चपलांमुळं होतंय. त्यानं सगळ्यांना अनवाणी चालायला लावलं. कोणी म्हणालं, उंबऱ्याला नारळ फोडला नाही यंदा. नारळही फोडला. खोबरं माझ्या वर्गात वाटलं गेलं, त्यामुळं त्या उपायाबद्दल पोरांची काही तक्रार नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकतीच उघडली होती. मी चौथीला भागाकार देत होतो. दाराकडून आवाज आला. पोतं पडलं तर धप्प असा एकच आवाज येतो. हा तसा नव्हता. त्याच्यामागं माणसाचा आवाज होता. पोरांना जागेवर बसायला सांगून मी दाराशी गेलो. भिवाजी फरशीवर आडवा, डाव्या पायावर पोतं. हिरासिंग आणि जगननं ते बाजूला ओढलं. पायाकडं मी एकदा पाहिलं आणि परत फिरून शीतलच्या पुढ्यात उभा राहिलो, तिला दार दिसू नये म्हणून.

किसनराव स्वतःची जीप घेऊन आले. मागच्या सीटवर चादर घातली. भिवाजीला उचलून बसवताना ते टोळीकडं वळून म्हणाले, "हे कशानं झालं, मला खरं कळलं पाहिजे. खाली माल सांडल्यानं झालं आसंल, तर त्या बाईचं येनं आजपासून बंद. ती हाये म्हनून तुमी पोती फोडता. मी इतकी सालं काही बोललो न्हाई. पन माज्या गोदामात माणूस मोडलेलं मला चालनार न्हाई."

जीपमधून भिवाजीच म्हणाला. ओठ पांढरे पडले होते त्याचे.

"सुतळीत पाय गुतला, मालक. सुटी सुतळी व्हती खाली."

किसनरावांनी हिरासिंगकडं पाहिलं. हिरासिंग म्हणाला, "व्हय. सुतळीच."

त्या दिवसापासून गोदामात सुतळीचा तुकडा दिसला की उचलायचा, असा हुकूम निघाला. हमाल इमानदारीनं सुतळ्या गोळा करायचे. आणि ट्रक आला की दारात खेमाची मूठ पडायची.

मला त्या माणसांचं मन कळत होतं. मूठ थांबवली तर खेमाला विसरल्यासारखं होणार. मूठ पडल्यावर लगेच झाडली, तर रूपाबाईच्या हक्काला हात लावल्यासारखं होणार. आणि खरं बोललं तर तिचं येणंच बंद. म्हणून ते दारात आले की पाय उचलून टाकायचे, झोपलेल्या कुत्र्याला ओलांडावं तसे. पाठीवर ओझं असताना पाय उचलून टाकणं किती दिवस जमणार?

रूपाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती संध्याकाळी यायची. सुतळीमुळं पडला, एवढंच तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिनं भिवाजीच्या घरी तांदळाची चुंगडी पाठवली आणि रोज येता-जाता ती त्याची चौकशी करायची.

पोरांनी मात्र त्या सोयाबीनचा एक खेळ काढला होता. ओट्याच्या आमच्या अंगाला थोडे दाणे उडून यायचेच. दाणे फरशीवर पसरायचे, त्यावर एक मोडकी फळी ठेवायची, एकानं फळीवर बसायचं आणि दुसऱ्यानं ढकलायचं. फळी सूं करून पळायची. मी एकदा रागावणार होतो. पण लेकरांच्या खेळात धडा असेल, तर खेळ मोडून धडा वेगळा शिकवण्यात काय अर्थ? मी म्हणालो, "चला, कोणतं धान्य सगळ्यांत चांगलं पळतं, ते बघू."

घरून दाणे आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कोणी ज्वारी आणली, कोणी तूर, एकानं तर वाटाणे खाऊन रिकामी पुडी आणली. दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही फळी मांडली. ज्वारीवर फळी थोडी सरकली आणि दाणे भरडून अडली. तुरीवर जरा बरी गेली, वाकडी. सोयाबीनवर मात्र बसलेल्या पोरासकट ओट्याच्या कडेपर्यंत गेली आणि मलाच धावत जाऊन धरावी लागली.

"का पळाली?" मी विचारलं.

तिसरीतली निता तांड्यावरची. तिचा हात नेहमी सगळ्यांच्या आधी वर. "गुर्जी, सोयाबीन फुटतच न्हाई. गोल ते गोलच राहून राहिलं."

"शाबास."

त्या दिवशी ट्रक एकच होता, म्हणून रूपाबाई लवकर आली होती. पाटी टेकवून ती आमचा खेळ बघत उभी होती. निता तिला म्हणाली, "काकी, या. तुमाला बी फिरवतो."

"आगं मी पडीन की."

"आमी धरतो ना."

रूपाबाई हसली. लुगडं सावरून तिनं एक पाय फळीवर ठेवला, दोन्हीकडून पोरींनी तिचे हात धरले. तिनं अंगाचा भार टाकायचा अवकाश, फळी तिच्या पायाखालून निघून गेली. पोरींनी आणि मी मिळून तिला सावरलं. पोरं खिदळत होती. रूपाबाईही हसत होती.

निता म्हणाली, "भिवाजीकाका बी आस्सेच गेले."

रूपाबाईचं हसू थांबलं. "कसे?"

"आस्सेच. दारात. मी इथून बघितलं ना. पाय म्होरं, आन् मानूस मागं."

"सुतळी व्हती ना गं?"

निता विचारात पडली. सुतळीचं खोटं पोरीला ठाऊक नव्हतं. "सुतळी म्या न्हाई बघितली, काकी. सोयाबीन व्हतं."

रूपाबाई माझ्याकडं बघायला लागली. मी नाकारलं नाही. तिनं वाकून फरशीवरचे दाणे तळहातावर घेतले. हात जरा कलता केला. दाणे घरंगळले, उड्या मारत गेले. त्या दिवशी तिनं गोदाम झाडलं, पण मातेरं पाटीत भरलं नाही. दाराशी ढीग करून ठेवला आणि रिकामी पाटी घेऊन गेली.

रविवारी मी भिवाजीला भेटायला गेलो. तो बाजेवर पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. शीतलनं त्या प्लास्टरवर कोळशानं अ-आ-ई काढली होती. मी बसतो न बसतो तोच रूपाबाई आली. भिवाजीची बायको लक्ष्मीबाई चहा टाकायला उठली.

"चहा नको," रूपाबाई म्हणाली. "भिवाजीदादा, एक सांग. सुतळी कंची व्हती?"

"कंची म्हंजी? पोत्याची."

"पोत्याची सगळीच ऱ्हाती. तागाची का पलास्टिकची?"

भिवाजीनं छताकडं बघितलं. "तागाची."

"सोयाबीनच्या पोत्याला तर पलास्टिकची येऊन राहिली यंदा."

लक्ष्मीबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "ह्यांना बराबर खोटं बी बोलता येत न्हाई. मी तवाच म्हनलं."

"तू चहा कर," भिवाजी म्हणाला.

"चहा नको म्हनल्या त्या."

मग रूपाबाई खाली बसली, बाजेच्या पायापाशी. "खेमाची मूठ व्हती, न्हाई का?"

"वहिनी, ओझ्याचं काम हाये. मानूस पडतोच कवातरी."

"माज्या मुठीवर पडला न्हाईस का तू?"

"तुजी न्हाई, खेमाची," तो म्हणाला. "आन् ती म्याच पाडली व्हती. पहिली खेप माजी. सातवी-आठवी खेपबी माजीच, तवा पाय गेला. माज्याच हातची मूठ. तुजा काय संबंध?"

"मंग मालकाला काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुजं येनं बंद झालं असतं. खेमा वर भेटल्यावर मला काय म्हनला असता?"

रूपाबाई म्हणाली, "काय म्हनला असता? लंगडत काहून आलास, आसं म्हनला असता."

लक्ष्मीबाईला हसू फुटलं. भिवाजीलाही आलं, पण हसल्यावर पाय दुखला. रूपाबाई हसली नाही. उठताना म्हणाली, "आज तू पडलास. उद्या जगन पडंल. त्याची बायको आता कुठं दोन जिवांची हाये. खेमाच्या नावानं घरोघर खाटा पडल्या तर ते नाव मला नको."

दुसऱ्या दिवसापासून ती गोदामात आली नाही.

तिला वाटलं होतं, आपण गेलो नाही की मूठ आपोआप बंद होईल. तसं झालं नाही. हमालांना वाटलं, बाई रुसली, किंवा आजारी आहे. तिची मूठ साठवून ठेवावी. ट्रक येत राहिले, मूठ पडत राहिली, आणि झाडायला कोणी नाही. किसनराव गावाला गेले होते. दाराशी पिवळा थर वाढत गेला. मी हिरासिंगला म्हणालो, "मुकादम, कोणीतरी झाडा की."

हिरासिंग म्हणाला, "गुर्जी, ती रूपाबाईची जागा हाये. तिथं आमी कसा झाडू लावावा?"

"मग निदान मूठ थांबवा."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी एखाद्याला घरचा दिवा लावू नको म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवशी जगन पडला. नशीब, पोतं दुसऱ्या अंगाला गेलं. त्याच्या खांद्याला मार लागला आणि हनुवटी फुटली. मी शाळेच्या पेटीतली पट्टी आणून बांधली. माझ्या पोरांपैकी एकानं रेघेपलीकडून हळूच म्हटलं, "काका, बे पाचे?" जगन म्हणाला, "दहा, बाबा. आज दहाच." कोणी हसलं नाही.

हिरासिंगनं डोक्याचं फडकं झटकलं आणि तांड्याकडं निघाला. परत आला तेव्हा त्याच्या मागं रूपाबाई होती, हातात झाडू. त्याच वेळी किसनरावांची जीप येऊन उभी राहिली. जगनची हनुवटी त्यांना लांबूनच दिसली.

"आता कंची सुतळी?" ते म्हणाले.

टोळी खाली बघायला लागली. रूपाबाई पुढं झाली. पदर डोक्यावरून ओढून घेतला, पण आवाज लपवला नाही.

"सुतळी न्हाई, मालक. भिवाजीदादा सोयाबीनवर पडला. हा जगन बी. माज्यासाठी पाडत्यात ते."

"म्हंजी माजं खरं ठरलं," किसनराव म्हणाले. "मंग बाई, मी जे बोललो ते बोललो. उद्यापासून—"

"मूठ बंद करा," रूपाबाई म्हणाली. "मीच बंद करायला सांगून राहिले. ह्यांना सांगा. माजं हे ऐकत न्हाईत."

किसनराव थांबले.

"पन झाडनं बंद करू नका. मूठ न्हाई पडली तरी सोयाबीन सांडतंच. बारदान जुनं हाये, शिवन उसवती. संध्याकाळी झाडून काय उपेग? मानूस तर दुपारी पडतो. मला दिवसभर हितं उभी ऱ्हाऊ द्या. खेप गेली की मी झाडीन, मंग दुसरी खेप."

"वेडी हायेस का? माणसं ओझं घेऊन पळत्यात. तू मधी आलीस आन् पोतं आंगावर आलं तर? आन् तू झाडंस्तोवर त्यांनी काय पोतं घेऊन उभं ऱ्हायाचं?"

"उभं ऱ्हाऊ," हिरासिंग म्हणाला.

"हिरासिंग, येका येका खेपंला?"

"मालक, खाली पडून ऱ्हान्यापरीस उभं ऱ्हायलेलं बरं."

दुसरा भरलेला ट्रक येऊन उभाच होता. किसनराव जीपला टेकून उभे राहिले आणि हाताची घडी घातली. म्हणजे करून दाखवा.

रूपाबाईनं आधी तो दाराचा सगळा थर काढला. मग आत गेली. हिरासिंगनं पहिलं पोतं नेमसिंगच्या पाठीवर दिलं. भिवाजी पडल्यापासून पहिलं पोतं नेमसिंगच न्यायचा; दाराशी येऊन त्यानं सवयीनं आकडा वर केला, आणि तसाच खाली घेतला. आत जाऊन पोतं थप्पीला लावून तो परतला. दुसरा माणूस दाराशी येऊन थांबला. पाठीवर ओझं, मान खाली, त्याला समोर फरशीशिवाय काही दिसत नव्हतं. फरशीवरून शिंदीचा झाडू सरसर गेला आणि बाजूला झाला.

"या," रूपाबाई म्हणाली.

तो गेला. पुढचा आला, थांबला. झाडू गेला. "या."

पहिल्या काही खेपा अडखळत गेल्या. कोणी लवकर आलं, कोणी जास्त थांबलं. एकदा तिचा झाडू आणि जगनचा पाय एकत्र आले आणि दोघंही एकमेकांवर ओरडले. मग हळूहळू ताल बसला. माझी पोरं रेघेवर ओळीनं उभी राहून बघत होती. कोणीतरी प्रत्येक खेपेला "या" म्हणायला लागलं, मग सगळ्यांनीच धरलं. मी थांबवलं नाही. हमालाची पावलं, झाडू, आणि पोरांचं "या". माझ्या नोकरीत मी पुष्कळ प्रार्थना ऐकल्या, पण इतक्या एका सुरात क्वचित.

ट्रक रिकामा झाला. एरवीपेक्षा वेळ लागला होता, पण कोणाचा पाय सरकला नव्हता. किसनराव काही न बोलता जीपमध्ये बसून निघून गेले. चांगलं की वाईट, कोणालाच कळेना. दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून त्यांनी लांब दांड्याचा एक नवा खराटा पाठवून दिला. रूपाबाईनं तो हातात घेऊन बघितला, म्हणाली, "ह्यानं काय म्हशीचा गोठा झाडायचा का?" आणि दाराआड उभा करून ठेवला. झाडायची ती आपल्या शिंदीच्या झाडूनंच. पण त्या खराट्याला तिनं कोणाला हात लावू दिला नाही.

टोळीनं मजुरीत तिचा वाटा धरला. हिरासिंगनं एवढंच सांगितलं की फरशीचं ओझं ती उचलते. मातेरंही तिचंच राहिलं. थोडं कमी भरायचं, त्याबद्दल तिनं तक्रार केली नाही.

त्या सालात आमच्या शाळेला छप्पर आलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात जिल्हा वेगळा झाला आणि आमचे कागद परभणीहून हिंगोलीला आले, म्हणजे पुन्हा पहिल्या टेबलावर. म्हणून दुसऱ्या सुगीलाही आम्ही ओट्यावरच होतो, आणि म्हणूनच भिवाजी कामावर परत आलेला मला बघायला मिळाला.

पाय जुळला होता, पण जरा आखूड. काठी नव्हती, पण चालताना खांदा एका बाजूला जायचा. हिरासिंग त्याला म्हणाला, "तू बसून पोती शिव. दाभन घे, सावलीत बस."

"शिवीन की. पन पहिलं पोतं मी नेनार. मंग जल्मभर शिवत बसतो."

हिरासिंगनं रूपाबाईकडं बघितलं. रूपाबाईनं दारातली फरशी झाडली, आतली झाडली, मग वाकून हातानंच एकदा चाचपली. जगननं आणि हिरासिंगनं पोतं भिवाजीच्या पाठीवर दिलं. तो निघाला. शीतल माझ्याशेजारी रेघेवर उभी होती. तिनं माझं बोट घट्ट धरलं होतं. भिवाजी दाराशी आला, थांबला.

"या," रूपाबाई म्हणाली. त्या वेळी पोरांपैकी कोणी तिच्याबरोबर म्हणालं नाही.

तो आत गेला. थप्पीशी पोतं उतरवल्याचा आवाज आला, एकच, धप्प असा. शीतलनं माझं बोट सोडलं.

आणि मग आतून रूपाबाईचा आवाज आला. "भिवाजीदादा, हे काय?"

भिवाजी आपला आकडा हातात धरून बाहेर येत होता आणि त्याच्या मागं दारापासून थप्पीपर्यंत सोयाबीनची एक बारीक पिवळी रेघ लागली होती. इतक्या वर्षांची सवय. दारात येताना हातानं भोक पाडलं होतं, त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं.

"अरे देवा," जगन म्हणाला. "हा गडी आता दुसरा पाय मोडतो."

भिवाजी त्या रेघेकडं बघत राहिला. चेहरा इतका पडला की कोणालाच हसावं की नाही ते समजेना. "हातानं केलं, वहिनी," तो म्हणाला. "मी न्हाई."

झाडू घेऊन रूपाबाईनं दारापासून थप्पीपर्यंत सगळी रेघ गोळा केली, सुपात भरली, पाखडली. त्यातली मूठभर उचलून तिनं गोदामाच्या दाराशेजारी, भिंतीच्या कोनाड्यात ठेवली, जिथं पूर्वी कंदील ठेवत. कोणाचा पाय तिथं पोचणार नव्हता.

"ही खेमाची," ती म्हणाली. "आता दर सालाला येकदाच. आन् हितंच."

मग खिळ्याला टांगलेलं दाभण काढून तिनं भिवाजीच्या हातात दिलं आणि सुतळीची गुंडी त्याच्या पुढ्यात टाकली.

"सुतळीनं पाडलं व्हतं ना तुला?" ती म्हणाली. "आता त्याच सुतळीनं ते भोक शिव."

भिवाजी थप्पीशी जाऊन खाली बसला, आखूड पाय लांब करून. दाभणात सुतळी ओवायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो हसत होता.